‘ऑटम सोनाटा’ची ब्लू-रे : दीड तासाचा सिनेमा, साडेतीन तासांची इन्ग्रिड

ही डिस्क मागवायच्या आधी तुमच्या घरचा ब्लू-रे प्लेअर कुठल्या रीजनचा, म्हणजे जगातल्या कुठल्या भागाच्या डिस्का चालवणारा आहे ते बघा. भारत रीजन ‘सी’मध्ये येतो आणि जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची ही अमेरिकेत निघालेली ब्लू-रे आहे रीजन ‘ए’ची. मला हे ठाऊक नव्हतं. भाची न्यू जर्सीहून डिस्क घेऊन आली, मी चटया घातल्या, तिघांना बोलावलं, चहा केला, आणि पडद्यावर पाटी आली की ही डिस्क इथे चालणार नाही. त्या शनिवारी आम्ही नुसतं वेष्टन हातात घेऊन बसलो. पंधरा दिवसांनी मृणालने तिच्या एडिटिंगच्या कामावरून सगळ्या रीजनच्या डिस्का चालवणारा प्लेअर उचलून आणला, तेव्हा कुठे सिनेमा लागला.

आम्ही म्हणजे नौपाड्यातले चौघं. कुमुदताई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता पंचाहत्तरी ओलांडलीय. अशोकराव रेल्वेत मोटरमन होते. मृणाल आमच्यातली सगळ्यात लहान, एडिटर. आणि मी. मी बावीस वर्षं व्यावसायिक नाटकांच्या कपडेपटात काढली. ट्रंका भरायच्या, इस्त्र्या करायच्या, विंगेत उभं राहून अर्ध्या मिनिटात शालू बदलून द्यायचा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एक जुना सिनेमा बघतो आणि मग रात्र होईपर्यंत बोलतो. गेली तीन वर्षं बोलणं फिरून फिरून हॉलिवूड गाजवलेल्या स्वीडिश नटीवर, इन्ग्रिड बर्गमनवर येतं. ‘कॅसाब्लांका’, ‘गॅसलाइट’, ‘नटोरियस’ हे सगळं बघून झालं होतं. त्या सिनेमांबद्दल आमचं भांडण नाही. भांडण होतं ते उतारवयातल्या इन्ग्रिडवरून, कारण तो विषय निघाला की पाच मिनिटांत बोलणं तिच्या घरात शिरतं.

ही डिस्क मी त्या भांडणासाठीच मागवली. ‘ऑटम सोनाटा’ १९७८ सालचा. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा सिनेमा. आडनाव एकच असलं तरी दोघांचं नातं काही नाही. इन्ग्रिड यात शार्लोट नावाची मोठी पियानोवादक आहे. जगभर कार्यक्रम करत फिरलेली. तिची मुलगी एव्हा एका पाद्र्याची बायको, गावाकडे राहते. मायलेकींची सात वर्षांत गाठ नाही. शार्लोटचा जोडीदार लिओनार्दो वारल्यावर एव्हा आईला घरी बोलावते. आई येते, आणि तिला कळतं की धाकटी, आजारी, अंथरुणाला खिळलेली हेलेना पण इथेच आहे. एव्हाने तिला संस्थेतून घरी आणलंय. मग एका रात्रीत मुलगी आईला तिच्या सगळ्या गैरहजेऱ्यांचा हिशेब विचारते. एवढीच गोष्ट. ९३ मिनिटं.

आता ज्यांनी इन्ग्रिडचं आयुष्य वाचलंय त्यांना ही गोष्ट ऐकल्या ऐकल्या तिची थोरली मुलगी पिया आठवते. अशोकरावांना आठवतेच. त्यांचं इन्ग्रिडवर तरुणपणापासून प्रेम आहे आणि तितकाच रागही आहे, आणि तो राग रोसेलिनीपायी. १९४८ साली इन्ग्रिडने इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीला पत्र लिहिलं की तुमचे दोन सिनेमे पाहिले, तुमच्याकडे काम करायला आवडेल. १९४९ साली ती त्याच्या सिनेमासाठी स्ट्रॉम्बोलीच्या बेटावर गेली आणि अमेरिकेतल्या घरी परत गेलीच नाही. घरी डॉक्टर नवरा पेटर लिंडस्ट्रोम आणि दहा वर्षांची पिया. फेब्रुवारी १९५०मध्ये तिला रोसेलिनीपासून मुलगा झाला, रोबेर्तीनो. मार्चमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडविन जॉन्सन नावाच्या सभासदाने उभं राहून तिच्यावर भाषण ठोकलं. एका नटीच्या बाळंतपणावर देशाच्या संसदेत! १९५२ साली तेरा वर्षांच्या पियाला कोर्टात विचारलं गेलं, सुटीत आईकडे इटलीला जायचंय का. ती नाही म्हणाली, आणि आई आवडते पण प्रेम नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. मायलेकी पुन्हा भेटल्या त्या थेट १९५७मध्ये, पॅरिसला. मधली सहा वर्षं कोरडी.

“सिनेमात सात, खऱ्यात सहा. तिने स्वतःलाच उभं केलंय,” हे अशोकरावांचं म्हणणं. त्यावर कुमुदताई दर वेळी १९५७ सालचं दुसरं टोक काढतात, मुंबईचं. नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतावर सिनेमा करायला आलेला रोसेलिनी तेव्हा ताजमध्ये उतरला होता. इथे त्याचं सोनाली दासगुप्ता यांच्याशी जमलं. त्या विवाहित, दोन मुलांच्या आई. धाकट्याला घेऊन त्या युरोपात गेल्या, थोरला वडिलांपाशी राहिला. मुंबईच्या पेपरांत तेव्हा हे केवढं गाजलं! कुमुदताई नऊ वर्षांच्या होत्या. आईने तो पेपर उशीखाली दडवला होता आणि त्यांनी तो काढून वाचला होता. “तेव्हापासून बघतेय,” त्या म्हणतात, “इन्ग्रिडने मुलगी कशी टाकली, सोनालीने मुलगा कसा टाकला. त्या माणसाने किती घरं मागे टाकली ते कुणी मोजत नाही.” रोसेलिनीही बायको-मुलं सोडूनच इन्ग्रिडकडे आला होता, हे खरंच आहे.

मी या भांडणात फारशी बोलत नसे. माझी मुलगी सांगलीला माझ्या आईकडे वाढली. तिच्या पाचव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत. महिन्यातले पंचवीस दिवस माझे दौऱ्यात जायचे. आज शिवाजी मंदिर, उद्या नाशिक, परवा जळगाव. बसमध्ये मागच्या सीटवर, ट्रंकांना टेकून मी तिच्यासाठी फ्रॉक शिवायची आणि सांगलीच्या बाजूला जाणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवायची. माप मनातलं. म्हणजे गेल्या खेपेला पाहिली होती तेवढी. पोहोचेपर्यंत ती वाढलेली असायची.

तर डिस्क. चित्र अप्रतिम आहे. हा सिनेमा मी १९८६च्या आसपास दादरला एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला होता. त्या प्रिंटचे रंग उडून सगळं गुलाबी झालं होतं. माणसं आजारी वाटत होती. इथे स्वेन निक्विस्टचा कॅमेरा काय करतो ते पहिल्यांदा कळलं. सगळं घर वाळलेल्या पानांच्या रंगात आहे. तपकिरी, गेरू, फिकट पिवळा. खिडकीतून येणारा उजेडसुद्धा तिरपा आणि जुना. आणि त्या घरात शार्लोट जेवायला येते ती लाल ड्रेस घालून.

त्या लाल ड्रेसवर मी थांबणार आहे, कारण कपडेपटातल्या बाईला दुसरं काय दिसणार. लिओनार्दो जाऊन थोडेच दिवस झालेत. मुलीला वाटतंय आई सुतकी चेहऱ्याने येईल. शार्लोट मुद्दाम लाल निवडते. फिक्या प्रिंटमध्ये तो ड्रेस विटकरी दिसला होता आणि त्यामुळे तो प्रसंग माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता तो खोलीत शिरतो तेव्हा बाकीचं सगळं मागे सरतं. समोर एव्हा झालेली लिव्ह उलमन, साध्या कपड्यांत, डोळ्यांवर चष्मा, पाद्र्याच्या घरातली बाई. दोघी एका चौकटीत आल्या की तोंडातून शब्द निघायच्या आधी भांडण दिसतं. रंगभूमीवर आम्ही हेच करायला धडपडायचो आणि पिवळ्या दिव्यांखाली आमचा लाल कायम केशरी व्हायचा.

याच ड्रेसमध्ये पियानोचा प्रसंग आहे. एव्हा शोपँचं ए मायनरमधलं दुसरं प्रेल्यूड वाजवते. आई ऐकते. मग आई शेजारी बसते, हे कसं वाजवायला हवं ते समजावते आणि स्वतः वाजवते. सिनेमात ऐकू येणारा पियानो कॅबी लारेतेईचा, इंगमारच्या आधीच्या पत्नीचा, आणि जवळून दिसणारे हातही तिचेच. पण कॅमेरा हातांकडे फार नसतोच. एक चेहरा वाजवतोय, त्याच्यामागे दुसरा चेहरा, वाजवणाऱ्या आईकडे वळलेला. एव्हा तिच्याकडे बघत राहते. मुलगी वाजवत असताना आईच्या चेहऱ्यावर आधी माया येते, मग शिक्षिकेची नजर येते, मग दोन्ही एकदम. इन्ग्रिड इथे ६२ वर्षांची आहे आणि चेहरा झाकायचा काही प्रयत्न नाही. ‘कॅसाब्लांका’तल्या त्या मऊ उजेडातल्या चेहऱ्यावर आयुष्य ओवाळून टाकणारे अशोकराव या प्रसंगाला उठून खिडकीपाशी गेले. परत येऊन म्हणाले, पुन्हा लावा.

सिनेमा एवढाच असता तरी मी ही डिस्क घ्या म्हटलं असतं. पण खरा ऐवज पुढे आहे. डिस्कमध्ये ‘ऑटम सोनाटा’ कसा बनला याचा एक माहितीपट आहे, २०६ मिनिटांचा. सिनेमाच्या दुपटीहून लांब. १९७७ साली नॉर्वेमध्ये शूटिंग चालू असताना सोबतच चित्रित केलेला. इंगमार तेव्हा करांच्या प्रकरणावरून स्वीडन सोडून बाहेर राहत होता, म्हणून शूटिंग ऑस्लोजवळच्या स्टुडिओत.

साडेतीन तास म्हटल्यावर मृणालने कपाळाला हात लावला होता. तिनेच शेवटी दोनदा बघितला. यात मुलाखती, निवेदन, पाठीमागे संगीत असलं काही गोळा करून घातलेलं नाही. माणसं काम करताना दिसतात. वाचन, तालमी, दिवे हलवणं, पुन्हा तालीम, थांबणं. ज्यांनी तालमीच्या हॉलमध्ये आयुष्य काढलंय त्यांना तो वास येईल. बाकीच्यांना मध्ये कंटाळा येईल हेही सांगते. दुसऱ्या तासात एक मोठा पट्टा असा आहे की नुसती जागांची आखणी चालते. तो भाग भाजी निवडताना बघितला तरी चालतो.

पण इन्ग्रिड! वाचनापासून ती प्रश्न विचारते. हे असं का? ही बाई असं का बोलते? एकही विनोद कसा नाही? समोर कोण बसलाय याचा तिला धाक नाही. इंगमारच्या गटातली माणसं त्याच्या एका नजरेवर चालणारी, आणि ही आली ती चाळीस वर्षं हिचकॉक, रोसेलिनी, रेन्वार अशा दिग्दर्शकांसोबत काम करून. इंगमारने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की ती सगळी भूमिका आरशासमोर बसवून, हातवाऱ्यांसकट तयार करून आली होती आणि ते बघून तो हादरला. मला ते वाचून तिचीच बाजू घ्यावीशी वाटली. जुन्या वळणाची नटी अशीच येते, घरून पाठ करून. आमच्याकडेही यायच्या. दिग्दर्शक नवा असला की पहिले आठ दिवस दोघांना जड जायचे, आणि कपडेपटात बसून त्या मला सगळं सांगायच्या.

आता त्या सात वर्षांबद्दल. इन्ग्रिडने आपल्या आत्मचरित्रात, १९८० साली आलेल्या ‘माय स्टोरी’त, हे स्वतः सांगितलंय : आई सात वर्षं मुलांपासून लांब राहील हे तिला पटेना, तिने इंगमारशी वाद घातला, तुमच्या ओळखीची माणसं तरी कसली आहेत या थाटात. तो ऐकेना. सात वर्षं राहिली.

आमच्याकडे त्या रात्री यावर दोन तास गेले. अशोकराव म्हणाले, स्वतः सहा वर्षं राहिलेली बाई सात वर्षांवर कशी भांडते? मृणाल म्हणाली, म्हणूनच भांडते. मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी म्हटलं, लांब राहिलेल्या आईला वर्षांचा आकडा तोंडपाठ असतो. सहाचे कुणी सात केले तर ती भांडणारच. ते एक वर्ष तिने राखलेलं असतं. शिवाय इन्ग्रिडच्या त्या सहा वर्षांत पत्रं होती, फोन होते, वकील होते, परत येऊ न देणारं एक अख्खं राष्ट्र होतं. शार्लोटच्या सातात काय आहे? कार्यक्रम. इन्ग्रिडला तो फरक मांडून हवा होता आणि इंगमार तो मांडू देत नव्हता.

कुणी काही बोललं नाही. कुमुदताईंनी माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

डिस्कमध्ये लिव्ह उलमनची एक मुलाखत आहे, वीसेक मिनिटांची. लिव्ह एक आठवण नेहमी सांगत आलीय ती अशी : रात्रीच्या प्रसंगात, मुलीने सगळं बोलून झाल्यावर शार्लोट तिची माफी मागते, मला जवळ घे, मला मदत कर म्हणते. इन्ग्रिड ते बोलायला तयार होईना. तिचं म्हणणं, मी या मुलीच्या थोबाडीत मारून खोलीबाहेर निघून जाईन. इंगमार भडकला. दोघं बाहेर गेले, बाहेरून आरडाओरडा ऐकू येत राहिला, आत सगळे बसलेले. मग ती आली आणि तिने तो प्रसंग केला, जसा लिहिला होता तसा, शब्द न् शब्द. पण चेहऱ्यावर ती बाहेरची चिडही घेऊन आली.

हे ऐकून सिनेमातली ती रात्र परत लावा. आम्ही लावली. तोंडाने माफी चालू आहे आणि डोळ्यांत ‘मी का मागू?’ आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. इंगमारला माफी मागणारी आई हवी होती, इन्ग्रिडला न मागणारी, आणि पडद्यावर दोघी आल्या. दिग्दर्शकाची हुशारी म्हणून याचं कौतुक पुष्कळ वाचलंय. माझ्या मते हे काम तिचं आहे. तिने मनातलं भांडण मिटवलं नाही, ते घेऊन कॅमेऱ्यासमोर आली.

आणि हे सगळं कसल्या दिवसांत? १९७४ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली होती. या सिनेमाच्या सुमारास आजार पुन्हा डोकं वर काढत होता. थिएटरमध्ये लागलेला तिचा हा शेवटचा सिनेमा. ऑस्करसाठी हे तिचं सातवं नामांकन. ऑस्कर मिळालं नाही, न्यू यॉर्कच्या समीक्षकांचं बक्षीस मिळालं.

उतारवयातल्या भूमिकांचा विषय निघालाय तर दोन गोष्टी सांगून पुढे जाते. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये दिग्दर्शक सिडनी लुमेट तिला श्रीमंत म्हाताऱ्या प्रिन्सेसची भूमिका देत होता. तिने हट्टाने बावरलेल्या स्वीडिश मिशनरी बाईची छोटी भूमिका मागून घेतली. जवळपास पाच मिनिटांचा एकच सलग शॉट, आणि त्यावर तिसरं ऑस्कर. चांगली भूमिका कुठली हे ज्याला कळतं त्याला पानं मोजावी लागत नाहीत. दुसरी, १९८२ची टीव्हीवरची ‘अ वुमन कॉल्ड गोल्डा’, इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यावरची. हात सुजून जड झालेला, रात्रभर तो वर टांगून ठेवायची आणि सकाळी शूटिंगला उभी राहायची. तो आम्ही अशोकरावांच्या मित्राकडच्या जुन्या डीव्हीडीवर पाहिला. बाकीचे गोष्ट बघत होते, मी पूर्ण वेळ बाह्या बघत होते. त्या बाह्या ज्या कुणी शिवल्या आणि सावरल्या तिला माझा नमस्कार. २९ ऑगस्ट १९८२ला, आपल्या ६७व्या वाढदिवशी, इन्ग्रिड लंडनमध्ये गेली. गोल्डासाठीचं एमी पुरस्काराचं मानचिन्ह नंतर घ्यायला गेली ती पिया.

परत डिस्ककडे. १९८१ साली लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये जॉन रसेल टेलर यांनी घेतलेली इन्ग्रिडची जाहीर मुलाखत यात आहे. ती शेवटी बघा. सगळं बघून झाल्यावर तिचं तिथलं हसणं वेगळं ऐकू येतं. इंगमारची २००३मधली छोटी प्रस्तावना आहे, ती आधी बघू नका. त्याच्या डोळ्यांनी सिनेमा बघायला लागाल. सिनेमा चालू असताना ऐकायचं पीटर काउवी यांचं समालोचन अभ्यासू आहे, कुमुदताईंना फार आवडलं, मला अर्ध्यात झोप आली. इंग्रजीत डब केलेला आवाजही निवडता येतो; तो निवडू नका. इन्ग्रिड बऱ्याच वर्षांनी आपल्या भाषेत बोलतेय, तेच तर ऐकायचं. ज्या बाईने स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन अशा पाच भाषांत कामं केली ती मायबोलीत भांडायला लागल्यावर आवाज किती खाली उतरतो! सबटायटल इंग्रजीच आहेत. माझं इंग्रजी बेताचं, आणि रात्रीच्या प्रसंगात ओळी भरभर येतात. कुमुदताई शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होत्या, म्हणून मला सगळं मिळालं. ज्यांना अशा कुमुदताई नाहीत त्यांनी रिमोट हातात ठेवावा.

किंमत. छापील ३९.९५ डॉलर. भाचीने अर्ध्या किमतीच्या सेलमध्ये घेतली. पूर्ण किमतीला महाग आहे हे नाकारत नाही, पण निव्वळ सिनेमाचे पैसे आपण देत नाही. त्या २०६ मिनिटांचे देतो. ते मला दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते.

ज्यांना मुख्यतः खासगी आयुष्यात रस आहे, त्यांनी याच्या जोडीला ‘इन्ग्रिड बर्गमन : इन हर ओन वर्ड्स’ बघावी. स्टिग ब्योर्कमनचा माहितीपट, २०१५चा, तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षातला. तीही डिस्क क्रायटेरियनने काढलीय. तिची पत्रं, डायऱ्या आणि तिने स्वतः घरी केलेलं चित्रण यावर तो उभा आहे. पत्रं अलिसिया विकँडर या स्वीडिश नटीच्या आवाजात ऐकू येतात. इन्ग्रिडची आई ती अगदी लहान असताना गेली. वडील फोटोग्राफर, ते लेकीचे फोटो काढत, चित्रण करत, आणि तेही ती तेरा-चौदा वर्षांची असताना गेले. पुढे जन्मभर कॅमेरा तिच्या हातात. मुलांची चित्रणंच चित्रणं. लांब राहणारी आई चित्रं का जमवते हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. चारही मुलं यात बोलतात, पिया, रोबेर्तीनो, इझाबेला आणि आईच्याच नावाची इन्ग्रिड. कुणाच्या बोलण्यात विष नाही. ती सोबत असली की इतकी मजा यायची की अजून हवी असायची, हा सूर. पण डिस्क एकच घेणं परवडत असेल तर ‘ऑटम सोनाटा’च घ्या. घरातली इन्ग्रिड छान आहेच. कामातली मला जास्त खरी वाटली.

दिवाळीत माझी लेक नाशिकहून चार दिवस आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, जुने सिनेमे बघायला तिला वेळ नसतो. मी आग्रह केला नाही. तिनेच डिस्क उचलून मागची अक्षरं वाचली आणि म्हणाली, लाव. सिनेमा तिने एका बैठकीत पाहिला, काही बोलली नाही. दुसऱ्या दुपारी म्हणाली, तो लांबलचक आहे ना, तो पण लाव. आम्ही दोघी जमिनीवर, पाठीशी उशा. मी तिला मध्ये मध्ये कपड्यांबद्दल सांगत होते, की अशा कामात कापड आत जास्त सोडावं लागतं, आमच्या नाटकांतही नटी बदलली की ड्रेस उसवून सैल करायला माया लागायची, दोन-तीन बोटं तरी.

तिने रिमोट दाबून चित्र थांबवलं. म्हणाली, “पहिले दोन फ्रॉक मला लांडे झाले होते. तिसऱ्यापासून तू चार-चार बोटं माया ठेवायला लागलीस. आजी दर सहा महिन्यांनी एक टीप उसवायची. तो निळा मी तीन वर्षं घातला.”

माया ठेवल्याचं मला आठवत होतं. आईने ती उसवली होती, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी काही म्हणायच्या आत तिने पुन्हा सुरू केलं. अजून एक तास बाकी होता.